बाईंचे चौदा दिवस

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. एका सकाळी, हॉस्पिटलच्या लॅबमधल्या रजिस्टरात, मी आठ दिवसांच्या आठ खुणा एका दमात केल्या. प्रत्येक खुणेचा अर्थ होता : आज बाटल्या पाहिल्या, जंतूची वाढ नाही. मी बाटल्या पाहिल्या नव्हत्या. पाहणार कशा? सहाव्याच दिवशी मी त्या फेकून दिल्या होत्या. त्या खुणांच्या भरवशावर बाईंनी रिपोर्टवर सही केली, आणि पुढे जे झालं ते बाईंच्या नावावर झालं.

पण एवढंच सांगून थांबलो तर बाई कोण होत्या ते राहूनच जाईल. आणि गंमत म्हणजे, बाई आठवल्या की मला अपराधाच्या आधी आनंद होतो. अजूनही. त्यांच्या हाताखाली काढलेल्या त्या अडीच-तीन वर्षांइतका मजेत मी नंतर कधीच नव्हतो.

गुरगावात तेव्हा मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातलंच एक आमचं हॉस्पिटल. लॉबीत कॉफीचं दुकान, दाराशी सलाम ठोकणारा फेटेवाला, आणि भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचं भलंमोठं पोस्टर : दोन्ही गुडघे, एकच पॅकेज. सचिवालयातून निवृत्त झालेले, जमीन विकून कोठी बांधलेले, मुलं अमेरिकेत असलेले, सगळे गुडघे बदलून घ्यायला येत. बहुतेकांचे गुडघे झकास चालत. एखाद्याच्या कृत्रिम सांध्यात मात्र जंतू शिरून बसे, आणि मग त्या माणसाचे हाल कुत्रा खात नसे. तो जंतू हुडकून काढणं हे आमच्या लॅबचं काम, बाई लॅबच्या प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा डॉक्टर.

पंचावन्नच्या आसपासच्या, किडकिडीत, सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. दिल्लीच्या करोलबागेत वाढलेल्या, त्यामुळे मराठी शुद्ध पण मध्येच 'बिल्कुल' आणि 'चलो' यायचं. पहिल्याच दिवशी मी 'मॅडम' म्हणालो तर म्हणाल्या, "इथे मी सगळ्यांची मॅडम आहे. तू बाई म्हण. शाळा सुटल्यापासून हा शब्द ऐकला नाही रे मी."

लिफ्टची वाट पाहणं त्यांना जमायचंच नाही. पाचव्या मजल्यावरच्या लॅबमधून दुसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत त्या जिन्याने पळायच्या, हातात स्टीलचा डबा. डब्यात पाच बाटल्या. गुडघा उघडला की पाच वेगवेगळ्या जागांहून मांसाचे पाच तुकडे, प्रत्येकाला नवा चाकू, नवा चिमटा. आमचे सर्जनसाहेब म्हणजे सहा फुटी पंजाबी गृहस्थ, हात सोन्याचा, जीभ तिखट.

"मैडम, एक ही चाकू से पाँचों काट दूँ तो क्या आसमान गिर जाएगा?"

"आसमान नहीं, रिपोर्ट गिरेगी. चाकू बदलिए."

"आप लॅब में बैठके चाय पिया करो ना."

"पी के आई हूँ. बदलिए."

आणि ते बदलायचे. रागावून, पण बदलायचे.

पाच तुकड्यांमागचं गणित बाई मला रोज नव्याने सांगत. आपल्या कातडीवर राहणारे गरीब बापडे जंतू असतात, ते चुकून एखाद्या बाटलीत पडतातच. पण नेमके तेच गरीब बापडे सांध्यातल्या धातूवर जाऊन बसले की गुन्हेगार होतात. मग ओळखायचं कसं? "एका बाटलीत निघाला तर अफवा. दोन बाटल्यांत तोच निघाला तर साक्ष. तीन बाटल्यांत निघाला," असं म्हणून त्या टेबलावर थाप मारत, "तर बेड्या!"

कापसाच्या काडीवर जखम पुसून कोणी पाठवली तर ती काडी आणणाऱ्यादेखत कचऱ्यात. "इससे कान साफ करो. मुझे माँस चाहिए." नमुना घेण्याआधी पेशंटला अँटिबायोटिक सुरू केलेलं त्यांना कळलं तर वॉर्डात जाऊन भांडायच्या. तरुण डॉक्टरांना विचारत, "चोर पकडायला निघालात आणि गल्लीच्या तोंडापासून सायरन वाजवताय? जंतू लपणार नाही तर काय! दोन आठवडे औषध बंद. मग या."

आणि एक प्रश्न. लॅबवाले पेशंटला भेटत नाहीत, बाई भेटायच्या. खाटेशी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "ऑपरेशननंतर एक तरी दिवस असा गेला का, की आपल्याला गुडघा आहे हेच तुम्ही विसरलात?" पेशंट विचार करून "नाही, एकही नाही" म्हणाला की त्या माझ्याकडे बघत. डोळे असे चमकत की जणू समोर कोणी लाडू ठेवलाय. बाहेर आल्यावर म्हणत, "पहिल्या दिवसापासून दुखतंय. आत कोणीतरी आहे. चलो."

मी तेव्हा दिल्लीतल्या मुनिरक्यात राहायचो. खोलीत एक खिडकी, ती समोरच्या भिंतीत उघडायची. एकदा मी बाईंना विचारलं होतं, जंतूचं नाव कळलं, त्याला मारणारं औषध माहीत आहे, मग नुसत्या औषधाने का भागत नाही? सांधा उखडून बाहेर काढायची काय गरज?  रविवारी सकाळी उत्तर द्यायला त्या माझ्या दारात उभ्या. "टाकी कुठे आहे तुझी? पाण्याची."

गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी. झाकण काढून म्हणाल्या, "घाल हात. भिंतीवर फिरव." बुळबुळीत. "हा थर म्हणजे त्यांची वसाहत. वरून छप्पर, आत सगळे निवांत." मग पिशवीतून ब्लीचिंग पावडरचा डबा काढला आणि चांगली मूठभर आत टाकली. आम्ही गच्चीवर दोन तास उन्हात बसलो, त्यांनी आणलेले पोहे खाल्ले. "आता घाल हात." थर तसाच. "गेला? नाही गेला. पाणी साफ झालं, भिंत नाही. आता हा घे." काथ्या! माझ्या हातात काथ्या दिला आणि म्हणाल्या, "घास."

तेवढ्यात खालून घरमालक चौधरी ओरडत वर आला. "ओ मैडम, के कर री हो टंकी में? नीचे बीस आदमी नहाण लाग रे सैं!"

"भाईसाब, पढ़ा रही हूँ इसको."

"टंकी में?"

"किताब में नहीं लिखा, क्या करूँ?"

चौधरीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या महिन्यात तो मला खोली खाली करायला सांगणार असं मला वाटलं. पण मला कळलं होतं! ताजा संसर्ग असेल तर आतून घासून धुता येतो. जुना असेल तर थर घट्ट बसलेला असतो, मग टाकीच काढावी लागते. सांधा बाहेर काढायचा, त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा, आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध द्यायचं, आणि आतलं सगळं शांत झालं की मगच नवा सांधा. मी आज विद्यार्थ्यांना हे शिकवतो तेव्हा माझ्या बोटांना तो बुळबुळीतपणा जाणवतो.

आता बाईंचा मुख्य हट्ट. चौदा दिवस. कागदोपत्री नियम पाच दिवसांचा होता : पाच दिवस बाटली उबेत ठेवा, काही उगवलं नाही तर 'वाढ नाही' लिहा आणि मोकळे व्हा. बाई म्हणत, काही जंतू आळशी असतात, त्यांना उठायलाच आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कृत्रिम सांध्याच्या बाटल्यांसाठी त्यांनी एक वेगळा कप्पा राखला होता आणि त्यावर चिठ्ठी : जिसे जल्दी है वो कहीं और जाए. रजिस्टरात चौदा रकाने. रोज सकाळी ड्यूटीवरच्या माणसाने पाचही बाटल्या उजेडाकडे धरून बघायच्या आणि खूण करायची. मॅनेजमेंटला हे बिल्कुल पसंत नव्हतं. त्यांच्या जाहिरातीत 'बहात्तर तासांत रिपोर्ट' असं लिहिलेलं होतं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या काकू आमच्याकडे आल्या त्या अशा काळात. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेल्या नवऱ्याबरोबर त्यांनी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. लिफ्ट येणार येणार म्हणत आलेली नव्हती. डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा काकू म्हणाल्या, "विसरायचा? अहो, रात्री कूस बदलली तरी तो मला हाक मारतो. आणि पुढच्या हिवाळ्यात मुलाचं लग्न आहे पुण्याला. विहिणीसमोर लंगडत जाऊ का मी?"

सर्जनसाहेबांचं मत होतं की सांधा नुसता सैल झालाय. तरी बाईंच्या आग्रहाने त्यांनी आधी पाच तुकडे घेतले. बाटल्या कप्प्यात गेल्या. पाचव्या दिवशी बाई बहिणीच्या आजारपणासाठी इंदूरला निघाल्या. दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, "काकूंच्या बाटल्यांकडे लक्ष ठेव. मला त्या गुडघ्याचा संशय आहे."

सहाव्या दिवशी क्वालिटी मॅनेजर आला. दुसऱ्या दिवशी परदेशी सर्टिफिकेट देणारी मंडळी तपासणीला येणार होती. कप्पा उघडून तो म्हणाला, "डॉक्टरसाब, यार, ये क्या म्यूझियम खोल रखा है? पाँच दिन का रूल है ना आपका?"

मी म्हणू शकलो असतो की ह्या बाटल्या राहू दे. त्याने ऐकलंही असतं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याने 'म्यूझियम' म्हटल्यावर मी हसलो. मला त्याला दाखवायचं होतं की मी त्या स्पोर्ट्स शूजवाल्या बाईंसारखा नाही, मी नव्या जमान्याचा आहे. मी बाटल्या उजेडाला धरल्या. स्वच्छ होत्या. आता काय उगवणार, असं म्हणालो, आणि पाचही बाटल्या निर्जंतुक करून फेकायच्या ट्रेमध्ये ठेवल्या. तो कप्पा रिकामा, चकचकीत झाला. तपासणी उत्तम पार पडली.

बाई पंधराव्या दिवशी परतल्या. त्या यायच्या अर्धा तास आधी मी रजिस्टर उघडलं तर रकाने सहापर्यंतच भरलेले. तेव्हा त्या आठ खुणा केल्या.

"काकूंचं काय रे?"

"काही नाही उगवलं, बाई."

"चौदा झाले?"

"झाले. सकाळीच काढून टाकल्या."

त्यांनी खांदे उडवले. "चलो, माझा संशय खोटा. बरंच झालं." आणि सही केली. त्या सहीवर विसंबून सर्जनसाहेबांनी काकूंचा सैल सांधा काढला आणि त्याच बैठकीत नवाकोरा बसवला.

तीन महिन्यांनी काकू परत आल्या. गुडघा गरम, आणि टाक्यांच्या रेषेवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून पाणी. बाईंनी ते भोक पाहिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सुरू केलेलं औषध बंद करवलं, दोन आठवडे थांबवलं, स्वतः थिएटरमध्ये उभ्या राहिल्या. पाच चाकू, पाच बाटल्या.

आता काय सांगू तुम्हाला ते दिवस! मी रोज उजाडताच लॅबमध्ये. पहिला, दुसरा, चौथा. काही नाही. सहावा, स्वच्छ. सातवा, आठवा. मी देवाला काय मागत होतो ते मलाच कळत नव्हतं. उगवू दे म्हणजे काकूंना औषध मिळेल. उगवू नको, म्हणजे मी सुटेन. नवव्या दिवशी बाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. "मी काही बोलणार नाही. तू बघ."

दुसरी बाटली उजेडाला धरली. तळाशी, दुधाचा थेंब पडून पसरावा तसं काहीतरी.

"धूसर आहे, बाई."

"नक्की?"

"नक्की. चौथीतपण!"

"पाचवी बघ, पाचवी बघ!"

पाचवीतही. आम्ही काचेवर थेंब घेतला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली सरकवला. जांभळ्या, बुटक्या काड्या. तीनही बाटल्यांत त्याच! "बेड्या!" बाई ओरडल्या. टेबलावरची पेन्सिल उडून पडली. त्या जिन्याकडे धावल्या, मी त्यांच्या मागे, दोन-दोन पायऱ्या गाळत. सर्जनसाहेबांच्या ओपीडीत पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यांच्यामधून बाई ओरडत गेल्या, "मिल गया! मिल गया!"

"कौन मिल गया, बहनजी?" एका सरदारजींनी विचारलं.

"किराएदार!"

मीही हसत होतो. खरंच हसत होतो. जिन्यात पळताना मला इतका आनंद झाला होता की मी सुटलो नाही हे मला सर्जनसाहेबांच्या दारात पोचल्यावर आठवलं. आता नवव्या दिवशी उगवला, म्हणजे तेव्हाही नवव्या दिवशी उगवला असता.

काकूंचा नवा सांधा बाहेर निघाला. सिमेंटचा ठोकळा, सहा आठवडे शिरेतून औषध, मग गोळ्या, मग वाट बघणं, मग पुन्हा नवा सांधा. काकू जवळजवळ वर्षभर तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नाहीत. मुलाचं लग्न त्यांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं.

सर्जनसाहेब भडकले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. पहिला रिपोर्ट कोरा, दुसऱ्यात तीन बाटल्या? चौकशी बसली. आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर रजिस्टर उघडं. पहिल्या सहा खुणा वेगवेगळ्या हातांच्या, कुठे निळ्या, कुठे काळ्या. पुढच्या आठ एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या झोकात, रांगेत उभ्या केल्यासारख्या. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बाटल्या कितव्या दिवशी काढल्यास?"

"चौदाव्या."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. 

"घाई नाही. विचार करून सांग. कितव्या?"

"चौदाव्या, बाई."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "बरं. जेवून जा घरी, चेहरा उतरलाय तुझा."

चौकशीत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. विचारणाऱ्याने विचारलं, इसकी ज़िम्मेदारी किसकी है? बाई म्हणाल्या, "साइन मेरा है." आणि मग, जणू विषय संपला असं समजून, त्या समितीला आळशी जंतूंबद्दल अर्धा तास समजावत राहिल्या. हात हलवत, उत्साहात. एक जण तर टिपून घेत होता. मी तोंड उघडलं नाही. महिनाभरात बाईंनी राजीनामा दिला. खुर्ची मला मिळाली. चौदा दिवसांचा नियम नंतर लेखी झाला, त्याखाली माझी सही आहे.

त्यानंतर आम्ही अनेकदा भेटलो. बाईही द्वारकेत राहायला आल्या होत्या. भेटल्या की पहिला प्रश्न : "काय उगवलं रे हल्ली?" मी सांगायचो आणि त्या पुढे सरकून ऐकायच्या. दुसरं काही त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. मला वाटतं, मी होऊन सांगावं याची त्या वाट पाहत होत्या, आणि वाट पाहण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी वीस वर्षं त्यांना नव्या नव्या जंतूंच्या गोष्टी सांगितल्या. ती एक सांगितली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. काकू आल्या, ऐंशी उलटलेल्या, पायऱ्या कठड्याला हात न लावता चढून. सभा संपल्यावर चार माणसांत माझा हात धरून म्हणाल्या, "बाई हुशार होत्या हो, नाही कशाला म्हणू. पण माझ्या वेळी हलगर्जीपणा केला त्यांनी. मुलाचं लग्न गेलं माझं. तू शोधून काढलंस म्हणून आज चालतेय." दर दिवाळीला त्या मला फराळाचा डबा पाठवतात, तो याच समजुतीने. चार माणसांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, "काकू, अंधार पडतोय, घरी सोडू का?"

सोडलं. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

बाईंना जे सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही. पण काकू आहेत, आणि त्या दिवशी मान डोलावणारे ते चौघेही आहेत. बाटल्या मी फेकल्या, खुणा मी केल्या, दोनदा विचारल्यावर दोनदा खोटं मी बोललो, आणि बाईंचा त्यात काहीही दोष नव्हता. हे काकूंना त्यांच्या समोर बसून, आणि त्या चौघांना त्यांच्या तोंडावर, सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.